डांबरगोळीतली दोन घरं

वसईजवळच्या आचोळ्यात तुम्ही नुसतं "सदानंद सरांचा क्लास कुठे?" असं विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. "बेंझिन सर" म्हणा, रिक्षावालासुद्धा थेट बिल्डिंगच्या गेटाशी आणून सोडेल. सरांना या नावाचा राग नव्हता, उलट आतून गुदगुल्या व्हायच्या. तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, हॉलच्या भिंतीला फळा, खाली सतरंजी, तिच्यावर अकरावीची चौदा पोरं मांडीला मांडी लावून बसलेली, आणि आत ओट्याशी सरांची बायको सरोजिनी कुकरच्या शिट्ट्यांकडे कान लावून उभी. अठ्ठावीस वर्षं हा कारखाना सुरू होता.

बेंझिन हा सरांचा हातखंडा. दरवर्षी होळीच्या आसपास तो धडा यायचा आणि सर त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालायचे. फळ्यावर खडू न उचलता षटकोन काढायचे. सहा कोपऱ्यांवर सहा कार्बन. मग एक बाजू सोडून एक, अशा तीन बाजूंना आतून दुसरी रेघ द्यायची, म्हणजे एक बंध एकेरी, पुढचा दुहेरी, पुन्हा एकेरी. शेजारी तसाच दुसरा षटकोन, पण जोडरेघा उरलेल्या तीन बाजूंना. "आता सांगा, यातलं खरं बेंझिन कुठलं?" पोरं एकमेकांची तोंडं बघायची. मग सर खडू खिशात टाकायचे (त्यांच्या सगळ्या शर्टांचे खिसे पांढरे) आणि हात पसरून म्हणायचे, "दोन्ही! दुहेरी बंध क्षणात इथे, क्षणात तिथे. अगदी माझ्या आईसारखा. सहा महिने माझ्याकडे, सहा महिने माझ्या दादाकडे!"

पोरं खो-खो हसायची. हसली की विसरायची नाहीत. पाच-पाच वर्षांपूर्वीचे विद्यार्थी बाजारात भेटले की लांबून ओरडायचे, "सर, बेंझिन आईसारखं ना?" सरांची छाती दोन इंच फुगायची.

आता आईचं सांगायला हवं. पुतळाबाई, वय चौऱ्याहत्तर. घर मूळचं चिंचोटीकडचं, शेती खाडीच्या काठाला; थोरला मुलगा अजून तिथेच. सात वर्षांपूर्वी नवरा गेला, आणि बाराव्याचं जेवण झाल्यावर मामांनी दोन्ही भावांना समोर बसवून निकाल दिला. गणपती ते होळी आई धाकट्याकडे, होळी ते गणपती थोरल्याकडे. घरात याला 'बारी' म्हणत. त्याच बैठकीत जमिनीवरून शब्दाने शब्द वाढला, आणि तेव्हापासून थोरला धर्मा काही धाकट्याच्या उंबऱ्याच्या आत आला नाही, धाकटाही तिकडे गेला नाही. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी धर्मा रिक्षा घेऊन गेटाशी यायचा. बॅग रिक्षात, आई रिक्षात, "बरंय," "बरंय," संपलं. भांडण असं नव्हतं. नुसती थंडी होती, आणि सात वर्षांत तिची सवय झाली होती.

ती बॅग रेक्झिनची, मरून रंगाची. पुतळाबाई आल्या की ती कॉटखाली जायची आणि जाताना निघायची. सरोजिनीने पहिल्याच वर्षी कपाटातला एक खण रिकामा करून दिला होता. "आई, लुगडी इथं लावा की." त्या हसून "लावते हो" म्हणाल्या. खण रिकामाच राहिला. शेवटी सरोजिनीने त्यात चादरी कोंबल्या.

तर या वर्षी होळीला दोन दिवस होते आणि सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. षटकोन झाले, जोडरेघा झाल्या, खडू खिशात गेला, आई आली, पोरं हसली. सर पुढच्या पानाकडे वळणार तेवढ्यात मागच्या रांगेतून हात वर झाला.

"सर, एक डाउट आहे."

ही स्टेफी. मूळची वसईच्या वाडीतली, आईवडिलांनी आचोळ्यात फ्लॅट घेतला म्हणून या क्लासात आलेली. बोलायला चुरचुरीत, आणि एकदा पकडलं की सोडायची नाही.

"विचार."

"सर, काल तुम्ही शिकवलं ना, एका दुहेरी बंधाला हायड्रोजन दिला की एकशेवीस किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. मग तीन बंध असतील तर तीनशेसाठ पडायला पाहिजे. पण बेंझिन दोनशेआठच देतं."

"शाब्बास! एकशेबावन्न कमी. म्हणजे बेंझिन मुळातच तेवढं खाली, तेवढं शांत बसलेलं आहे. मग?"

"मग सर, बंध जर बारीबारीने इकडेतिकडे जात असेल, तर कुठल्याही क्षणी पकडा, ते या दोघांतलं एकच असणार ना? हे नाही तर ते. आणि दोघांचेही तीनशेसाठच. मग ते शांत कधी झालं? उडी मारताना?"

पोरं पुन्हा हसली. सरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग त्यांनी फळ्याकडे पाहिलं. कालचे आकडे डाव्या कोपऱ्यात तसेच होते, पुसायचे राहून गेलेले; आजचे षटकोन उजवीकडे. अठ्ठावीस वर्षं या दोन गोष्टी त्यांनी लागोपाठच्या दोन दिवशी शिकवल्या होत्या आणि एकदाही शेजारीशेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. पोरगी बरोबर होती. जे आलटूनपालटून दोन बेचैन घरांत राहतं, ते कधीच शांत होणार नाही, हे काय कुणी सांगायला हवं?

"उद्या सांगतो," सर म्हणाले.

ओट्याशी सरोजिनीचा हात थांबला. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि हे वाक्य तिने या हॉलमधून कधी ऐकलं नव्हतं.

पोरं गेली. सर फळ्यासमोर तसेच उभे. आतल्या दाराशी पुतळाबाई पाट घेऊन बसल्या होत्या, मोड आलेल्या वालाच्या डाळिंब्या सोलत. साल निघून डाळिंबी टोपात पडल्याचा बारीक आवाज येत होता.

"पोरीनं बराबर पकडलं तुला," त्या म्हणाल्या.

"आई, तुला त्यातलं काय कळलं?" सर जरा चिडूनच बोलले.

"कारबन नाय कळला. बारी कळली." त्यांनी आणखी एक डाळिंबी टोपात टाकली. "तू दर साली सांगतोस, आई हितं नि आई तिथं, नि पोरं हसतात. मी आतून ऐकते. पन खरं सांगू का सदा? मी हितं बी नसते नि तिथं बी नसते. हितं आले की धर्माच्या घरातलं आठवतं, जरा जीव रमला की होली येते. तिथं बी तसंच. मी आपली त्या बॅगेत असते बघ."

तक्रारीचा सूर नव्हता त्यात. आज मीठ कमी पडलंय म्हणावं, इतक्या साधेपणाने त्या बोलल्या आणि टोप घेऊन उठल्या. इतकी वर्षं सरांनी पोरांना हसवलं होतं, आणि ज्या माणसावर हसवलं ते माणूस दहा फुटांवर वाल सोलत ऐकत होतं.

दुपारी जेवण झाल्यावर ते स्टुलावर चढले आणि माळ्यावरून बीएस्सीचं जुनं पुस्तक काढलं. कसर लागलेलं, कव्हर सुटलेलं. बेंझिनचं पान उघडलं आणि ते मटकन खाली बसले. एका वाक्याखाली लाल पेनाने रेघ मारलेली होती. त्यांनीच मारलेली. ही दोन चित्रं म्हणजे रेणूच्या दोन अवस्था नव्हेत, असं ते वाक्य सांगत होतं. रेणू एकच आहे आणि तो यांपैकी कुठल्याही चित्रासारखा कधीच नसतो. विसाव्या वर्षी त्यांनी हे वाक्य वाचलं होतं, महत्त्वाचं म्हणून रेघ मारली होती, पाठ करून मार्क मिळवले होते, आणि काही म्हणजे काही कळलं नव्हतं. काय गंमत आहे बघा!

मग ते वाचत सुटले. चहा आला, गार झाला. सरोजिनी कप उचलून घेऊन गेली तेही कळलं नाही.

प्रत्येक कार्बन आपल्याकडचा एक इलेक्ट्रॉन मोकळा सोडतो. असे सहा. ते दोघादोघांच्या जोडीने कुठल्या दोन कार्बनांमध्ये कोंडलेले नसतात. ते सहाही जण अख्ख्या कड्यावर पसरतात, वरून एक वलय, खालून एक वलय. त्यातला हा माझा, तो तुझा, असं कुठलाच कार्बन म्हणू शकत नाही. कुठल्या बाजूला किती, असं विचारलं तर सहाही बाजूंना सारखंच. मोजणाऱ्यांनी मोजून पाहिलंय. एकेरी बंध लांब असतो, दुहेरी आखूड असतो, पण बेंझिनच्या सहाच्या सहा बाजू एकाच लांबीच्या निघाल्या, एकेरीपेक्षा आखूड आणि दुहेरीपेक्षा लांब. कुठे उडी नाही, कुठे बारी नाही. इलेक्ट्रॉन म्हणजे असा जीव की त्याला चिंचोळ्या जागेत कोंडलं की तो तडफडतो, आणि फिरायला जागा मिळाली की निवतो. ते एकशेबावन्न तिथून आले होते. सगळ्यांचा झाला म्हणून तो शांत झाला होता.

"अरे देवा!" सर मोठ्याने म्हणाले.

अंगावर सर्रकन काटा आला. पन्नाशी उलटलेला माणूस, आणि डोळ्यांत पाणी. हे आपण रोज हातात घेऊन फिरत होतो? त्यांनी पान उलटलं. पुढे दोन षटकोन होते, एकमेकांना चिकटलेले, मधली भिंत एकच. दोन कड्यांत मिळून दहा इलेक्ट्रॉन, दोन्हीकडे फिरणारे. खाली नाव होतं नॅफ्थलीन. डांबरगोळी!

आणि त्याच वेळी त्यांना तो वास आला. वास या घरात सहा महिने असायचाच, इतका की नाकाला त्याची जाणीव राहिली नव्हती. ते वाकले, कॉटखालून मरून बॅग ओढली, बाजूच्या कप्प्याची चेन उघडली. कागदाच्या पुडीत चार डांबरगोळ्या होत्या. एक उचलून त्यांनी तळहातावर धरली. पांढरी, गुळगुळीत, कडेने झिजलेली. या एवढ्याशा गोळीत किती जोडघरं असतील? आचोळ्यातली, वसईतली, सगळ्या पृथ्वीवरची घरं मोजली तरी पासंगाला पुरणार नाहीत इतकी. आणि त्यातल्या एकाही जोडघरात, कुठला इलेक्ट्रॉन कुठल्या घरचा, हे प्रत्यक्ष ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. त्याला बॅग भरावी लागत नाही. तो दोन्हीकडे असतोच.

ते गोळी मुठीत घेऊन बाहेर पडले. संध्याकाळ व्हायला वेळ होता. रस्ता रोजचाच होता, पण सर नवीन गावात आल्यासारखे बघत चालले. खांबावरच्या तांब्याच्या तारेत तेच, कुठल्याच अणूचे नसलेले मोकळे इलेक्ट्रॉन, म्हणून तर घराघरांत दिवे. गाडीवर झेंडूचे ढीग होते. झेंडूचा रंग कशाने? लांब साखळीवर इलेक्ट्रॉन मोकळे धावतात म्हणून. वाण्याच्या दुकानातली हळद पिवळी त्याच कारणाने, गाजर केशरी त्याच कारणाने. पेन्सिलीचं शिसं कागदावर काळं उमटतं, तेही असल्याच षटकोनांचे थर. ते पिंपळाखाली थांबले आणि वर बघत राहिले. पानातलं हिरवेपण एका मोठ्या कड्यातून येतं, आणि जवळजवळ तसंच कडं, मधोमध लोखंडाचा अणू घेऊन, आपल्या रक्तात असतं. पान हिरवं आणि रक्त लाल, कारागिरी एकच. जगात जिथे म्हणून रंग आहे, तिथे बहुतेक ठिकाणी कुणीतरी 'हा माझा' म्हणायचं सोडून दिलेलं आहे. सर दोन्ही हात जोडून उभे राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, पिंपळाला नमस्कार करतायत.

घरी आल्यावर त्यांनी सरोजिनीला सगळं सांगितलं, भराभरा, अर्धं तिला कळलं, अर्धं नाही.

"मग उद्या पोरांना सांगून टाका," ती म्हणाली. "चुकलं म्हणायला काय लागतं?"

"सांगणारच आहे."

"आणि आईंचं?"

सरांनी मुठीतली गोळी खिशात टाकली. दादाशी बोलायचं म्हणजे सात वर्षांची थंडी ओलांडायची. आणि बोलायचं तरी काय? आईने या घरात राहावं? की त्या? परवाची होळी, मग धुळवड, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी रिक्षा गेटाशी उभी राहणार होती. आई पुन्हा बॅगेत जाणार होती.

दुसऱ्या दिवशी क्लास भरला. सरांनी कालचाच शर्ट घातला होता. फळ्यावरचे षटकोन तसेच होते.

"काल स्टेफीने जे विचारलं, त्याचं उत्तर मला येत नव्हतं," सर म्हणाले. "आणि त्याआधी अठ्ठावीस वर्षं मी जे शिकवलं ते चूक होतं. उडी नाही, बारी नाही. माझ्या आईचं उदाहरण तर मुळीच नाही. तेवढं डोक्यातून काढून टाका."

मग सरांनी डस्टर घेतला आणि सगळ्या जोडरेघा पुसल्या. षटकोनाच्या आत एक गोल काढला. सावकाश.

"हे सहा इलेक्ट्रॉन. कुणाचेच नाहीत. सगळ्यांचे आहेत."

"पण सर," स्टेफी म्हणाली, आज तिचा आवाज हळू होता, "मग आत्ता या क्षणाला तो दुहेरी बंध नक्की आहे कुठे?"

"कुठेच नाही गं. आणि सगळीकडे आहे. थोडाथोडा नाही, सगळीकडे सारखा. मलाही काल दुपारीच कळलं. मी अजून सावरलेलो नाही."

त्यांनी खिशातून खडूने माखलेली डांबरगोळी काढली आणि पहिल्या पोराच्या हातावर ठेवली. हातोहात ती मागे गेली. जिने जन्मभर बॅगेत वास मारला ती गोळी चौदा पोरांनी अशी धरली की जणू प्रसाद. एकाने तर ती डोळ्यांजवळ नेऊन आत काही दिसतंय का ते बघितलं. पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी भंगार मागत होतं, आणि आत कुणी हलत नव्हतं. शेवटी पुढच्या रांगेतल्या एकाला राहवलं नाही. "सर, पण परीक्षेत काय लिहायचं?"

"गोल काढ!" सर हसले, आणि सगळ्यांचा श्वास सुटला.

दारात पुतळाबाई उभ्या होत्या. फळ्याकडे बघून म्हणाल्या, "आता बरं दिसतंय. आदी लई रेघा होत्या."

होळी झाली. धुळवड झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला रिक्षा गेटाशी आली. धर्मा उतरला. उन्हाने रापलेला, हातावर वालाच्या शेंगांचे ओरखडे, सरांपेक्षा सहा वर्षांनी मोठा. पुतळाबाई गेटाजवळच्या बाकड्यावर बसल्या होत्या, बॅग पायाशी. सरोजिनी त्यांच्या शेजारी उभी होती.

सर रात्रभर मनात वाक्यं जुळवत होते. ऐन वेळी सगळी पळाली आणि एकच उरलं. "दादा, आजपासून बारी बंद."

चुकलंच ते. धर्माला काय ऐकू यायचं ते आलं.

"बंद म्हनजे? आयेला धाडत नाय?"

"तसं नाही रे..."

"मग कसं?" धर्माचा आवाज चढला. वॉचमन खुर्चीतून उठला. "सात वर्सं मी काय बोललो का? गनपती तुझ्याकडं, दिवाळी तुझ्याकडं, संक्रांत तुझ्याकडं. माझ्याकडं आये येते ती उन्हाला नि पावसाला. गुडीपाडवा सोडला तर एक मोठा सन नाय आला रे माझ्या घरी तिच्यासंगं! माझी पोरं दिवाळीला इचारायची, आजी कुटं. मी गप बसलो. बाबांचा फोटो बी तूच ठेवून घेतलास, तवा बी गप बसलो."

सरांच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. सणांचं त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. सात वर्षं! पण पुढच्या शब्दाला ते अडखळले.

"कुठला फोटो?"

"बाबांचा. फ्रेमवाला. तुझ्या हॉलात लावलाय तो."

"माझ्या?" सर धर्माकडे बघतच राहिले. "दादा, तो तर तुझ्याकडे आहे ना? मी सात वर्षं म्हणतोय, थोरल्याने ठेवला, ठेवू दे."

कुणी कुणाच्या उंबऱ्याच्या आत गेलंच नव्हतं, तर भिंत बघणार कोण? मग दोघांनीही एकदमच आईकडे पाहिलं.

पुतळाबाईंनी बॅग बाकड्यावर घेतली. चेन उघडली. वरची लुगडी काढून सरोजिनीच्या हातात दिली, एक, दोन, तीन. तळाशी जुन्या सुती लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते सोडलं. काचेआड बाबा, टोपी घातलेले, जरा रागावल्यासारखे, आणि सगळ्या फ्रेमला डांबरगोळ्यांचा वास.

"आये," धर्मा कसाबसा म्हणाला, "अगं लावायचा व्हता ना कुटं तरी."

"कुटं लावू? खिला कोनाच्या भिंतीला मारू?" पुतळाबाई म्हणाल्या, आणि सात वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज फाटला. "सा महिन्यांनी उपटायचाच ना? माज्याबरोबर बी तो बॅगेतच राह्यला. मामानं बारी लावली, तुमी दोघांनी माना हलवल्या. मला इचारलं का कोनी? एकानं तरी?"

धर्माने डोक्याचा रुमाल काढला आणि तोंडावर धरला. सर खाली बसले, गेटातल्या धुळीत, आईच्या पायाशी. वॉचमनने तोंड फिरवलं.

"आता विचारतो, आई," सर म्हणाले. "कुठे राहायचं तुला?"

"राह्यचं बिह्यचं नाय. मला दोन्ही घरं पायजेत. मनात येईल तवा जाईन, मनात येईल तवा येईन. दिवाळी धर्माकडं, तर फराळाला तू ये तिथं. दोन लुगडी हितं कपाटात, दोन तिथं. नि माज्या बॅगेला आग लावा."

"आग कशाला," सरोजिनी डोळे पुसत म्हणाली, "चांगली आहे ती."

कुणीतरी हसलं. बहुतेक धर्माच. मग सरांनी उठून त्याचा दंड धरला आणि ओढत उंबऱ्याच्या आत नेलं. धर्मा चपला बाहेर काढून, पाव्हण्यासारखा अंग चोरून हॉलमध्ये उभा राहिला. फळ्यावर अजून तो षटकोन होता.

"ह्ये काय?"

"बेंझिन."

"दादा," सरोजिनीने आतून हातोडी आणून दिली, "तुमचा हात बसलेला. तुम्हीच ठोका."

धर्माने फळ्याशेजारी खिळा ठोकला. फोटो लागला, बाबा रागावून सगळ्यांकडे बघायला लागले. सरोजिनीने खणातल्या चादरी काढून दिवाणावर टाकल्या आणि दोन लुगडी आत लावली. मग फोटो तेवढ्यापुरता उतरवून दोघे भाऊ नाक्यावरच्या स्टुडिओत गेले आणि फोटोची दुसरी प्रत करायला टाकली, तसलीच फ्रेम घालून, तेवढ्याच आकाराची. स्टुडिओवाल्याने विचारलं, "ओरिजिनल कुठली राहणार?" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्याला उत्तरच दिलं नाही.

सोमवारी क्लास भरला. प्रश्नपत्रिका मरून बॅगेतून निघाल्या, त्यांना डांबरगोळीचा वास येत होता. स्टेफी सगळ्यांच्या आधी आली होती. भिंतीवरचा नवा फोटो तिने पाहिला, आतल्या दाराकडे पाहिलं. पाटावर कुणी नव्हतं.

"सर, आजी गेल्या का?"

सर फळा पुसत होते. त्यांनी दोरीवर वाळणाऱ्या लुगड्याकडे पाहिलं, कपाटातल्या खणाकडे, खिळ्याकडे.

"नाही गं. आहे ना," ते म्हणाले. "आत्ता चिंचोटीला वाल निवडत बसली असेल."